रकाना सात

तीस सप्टेंबर, दुपारचे चार. पोर्टल पाचला बंद होतं.
मालवा मिलच्या मागे आमची सरकारी शाळा
तीन वर्षांपूर्वी एका आदेशाने इंग्रजी माध्यमाची झाली.
पाटी तेवढी त्याच आठवड्यात रंगवली,
बाकीचं चालू आहे.

रकाना सात विचारतो:
इंग्रजी अजून शिकत असलेली मुलं किती?
दर मुलामागे अकराशे रुपये, वर्षाचे.
पंचवीस भरली तर वर एक अतिथी शिक्षिका.
चोवीस असतील तर अकराशे गुणिले चोवीस,
आणि निकहत घरी.

निकहत खजराण्याहून स्कूटीवर येते,
वर्गातल्या वस्तूंना कागदी चिठ्ठ्या चिकटवते.
डब्याला लिड, भिंतीला क्रॅक,
खिडकीच्या गजाला रस्ट.
आमच्या शाळेत काय काय आहे
हे मला तिच्या चिठ्ठ्यांवरून कळलं.

हिशेब असा, की मूल शिकलं की पैसे जातात.
ताप उतरला की औषध बंद, तसंच हे,
कोषालयातले दुबे म्हणतात.
मी म्हटलं, दुबेजी, भाषा म्हणजे ताप नव्हे.
ते म्हणाले, पोर्टलला सांगा.

तर थावरी.
आलीराजपूरकडची, शनिवारी जन्मली म्हणून थावरी.
बाप सुपर कॉरिडॉरवर सळया बांधतो.
घरी भिलाली, गल्लीत हिंदी, फळ्यावर इंग्रजी.
जूनमध्ये हजेरीला नुसता हात वर करायची.
आणि काल, न विचारता, बाकावरून उठून म्हणाली:
मिस, माय पेन्सिल इज स्मॉल
बट इट इज रायटिंग.

निकहत रडली वगैरे नाही.
धावत माझ्या टेबलाकडे आली
आणि दारातच थांबली.
दोघींच्या डोक्यात एकच वजाबाकी.

मला कुणी मोजलं नव्हतं.
रामबागेत घरी मराठी, शाळेत हिंदी,
बँकेच्या परीक्षेत इंग्रजी, दोनदा नापास,
आणि पुण्याला मामेबहिणींच्या पंगतीत
‘मी जेवून राहिले आहे’ म्हटलं की
ताटावरून ताटावर हसू सरकत जायचं.
तिन्ही भाषांत मी नेहमी एका शब्दाने कमी.
माझे अकराशे कुणाकडे निघतात
ते एकदा काढायला हवं.

चार चाळीस.
चोवीस टाइप केलं. पुसलं.
पंचवीस. पुसलं.
एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी खोटा आकडा भरलेला नाही,
एक सायकलींचा सोडून,
आणि त्यात सायकली खरंच आल्या होत्या,
फक्त उशिरा.

तेवढ्यात थावरी खडू मागायला आली.
खुर्चीमागे उभी राहिली, खडू विसरली,
आणि स्क्रीनवर बोट टेकवून वाचू लागली,
प्रत्येक शब्दाखाली खडूचा एक पांढरा ठिपका ठेवत:
नंबर. ऑफ. चिल्ड्रन. स्टिल.
इथे अडली.
मॅडम, ये स्टिल? बर्तनवाला?

मी हसले नाही. पंगत आठवली.
बर्तनवाला नाही बेटा, म्हटलं, स्टिल म्हणजे अभी भी.
जे चालू आहे, संपलं नाही, ते.
तिने तो शब्द स्वतःच्या बोलीत पुटपुटून पाहिला.
तिच्या बोलीतला तो शब्द
मला येत नाही.

पंचवीस.
सबमिट.
पडद्यावर चाक फिरत राहिलं,
तिच्या चार ठिपक्यांच्या वर.
थावरी खडू घेऊन पळाली.
दारात निकहत,
अजून उभी.