राज्य विरुद्ध व्होबोरिल

सहावा तास, जेवणानंतरचा.
खिडकीबाहेर कापलेल्या मक्याची खुंटं,
नेब्रास्काचं सपाट आभाळ,
आणि मांस-कारखान्याचा वास. वारा दक्षिणेचा असला
की तो राज्यघटनेच्या पानांनाही लागतो.

टेबलं जोडून कोर्ट उभं केलं.
बारा ज्युरी. एक बेलीफ, बापाचा पट्टा कमरेला.
न्यायाधीश मी, कारण काळा झगा माझ्याकडेच होता:
चर्चमध्ये गाताना घालायचा,
गळ्यापाशी लिपस्टिकचा जुना डाग.

गुन्हा: जिमजवळचं कोल्ड्रिंकचं मशीन फोडून
एक्केचाळीस डॉलर पंचवीस सेंट, सगळी नाणी.
पुरावा: एक हातमोजा, डावा.
आरोपी चिठ्ठ्या टाकून निवडला.
निघाला टकर व्होबोरिल,
जो सप्टेंबरपासून माझ्या वर्गात
एकदाच बोललाय: "खिडकी लावू?"

डेलेनी राश सरकारी वकील. अंगात भावाचा कोट,
बाह्या दोनदा दुमडलेल्या, आवाज चौथ्या रांगेपलीकडे
पार्किंगपर्यंत जाणारा.
बचावाला येसेनिया त्सोक.
आईचे पगाराचे, दवाखान्याचे, घरमालकाचे कागद
घरी तीच वाचून दाखवते,
म्हणून प्रत्येक ओळीखाली बोट ठेवूनच पुढे सरकते.
"आरोपी साक्ष देणार नाही,"
ती म्हणाली.
टकरनं मान हलवली. तीही अर्धीच.

ज्युरी क्रमांक सात, गातलुआक, पुढे झुकला.
(ज्युरीनं मध्ये बोलायचं नसतं. मी बोलू दिलं.)
"कर नाही त्याला डर कशाला, बाई?
मी असतो तर ओरडून सांगितलं असतं."
"तू ओरडतोसच," मागून कुणीतरी.
हशा पिकला. टकरही हसला असावा,
माझं लक्ष नव्हतं.

मग मी उठले, झगा सावरत,
आणि बावीस वर्षं जे सांगत आलेय ते सांगितलं.
कुठे थांबायचं, कुठे खडू खाली ठेवायचा,
सगळं पाठ आहे.
पाचवी दुरुस्ती.
मौन म्हणजे होकार, ही बाहेरची रीत.
या दारातून आत ती येत नाही.
सिद्ध सरकारनं करायचं,
आरोपीनं पेन्सिलही उचलायची गरज नाही.
गप्प माणसाच्या तोंडात तुम्ही आपले शब्द घातलेत,
तर खटला त्याच्यावर नाही,
तुमच्या शब्दांवर चाललाय.

वर्ग शांत झाला. मला बरं वाटलं.
खरं तर फार बरं वाटलं.

ज्युरी लॉकर्सपाशी जाऊन बारा मिनिटं भांडली.
नऊ विरुद्ध तीन. दोषी म्हणणारे नऊ.
तिघांत गातलुआक, मान खाली,
"मोजा काय, कुणाचाही असू शकतो."
एकमत नाही, निकाल नाही,
आणि घंटा.

सगळे बसकडे पळाले.
टकरनं ज्युरीच्या बाराही खुर्च्या एकावर एक रचल्या,
वास येत होता म्हणून खिडकी लावली,
या वेळी न विचारता,
आणि गेला.

रात्री सूप गार होईतो गुण भरत बसले.
व्होबोरिल, टी.
लेखी: एकोणनव्वद. ब्याण्णव. एकोणनव्वद.
वर्गातला सहभाग: दहापैकी दोन.
दोन.
एक.
आणि ऑक्टोबरच्या रकान्यात, पालकांसाठी,
माझ्याच अक्षरात, घाई नसलेल्या, वळणदार:
"वर्गात बोलत नाही.
काहीतरी लपवत असावा."

साक्षीदार नव्हता. मोजाही नव्हता.
बचावाला कुणी बोट ठेवून ओळ वाचली नव्हती.

ड्रॉवरमध्ये खोडरबर सापडलं.
शेरा शाईचा होता.
तरी घासत राहिले,
कागद पातळ होऊन
खालच्या पानावरचं दुसऱ्या कुणाचं तरी नाव
दिसायला लागेपर्यंत.