अर्धा दाबलेला

बोपदेवच्या तिसऱ्या वळणावर इंजिन ओरडलं
आणि चाकांनी ऐकलंच नाही.
काटा चार हजारावर, वेग मात्र
पुढच्या विटांच्या ट्रॅक्टरएवढा.
एक सायकलवाला मागं टाकून गेला.
गेला ते ठीक, वळून बघितलंन ते नको होतं.
मग वास आला,
कुकरची रिंग गॅसवर पडावी तसला,
आणि तो दोन दिवस शर्टाला राहिला.

शाल्मलीला मी फोन केला नाही.
मनात मात्र सगळं बोलून घेतलं:
वारज्याच्या चढावर तुझी ती शिकवणी,
ब्रेक न लावता नुसत्या क्लचवर तोलून धरलेली गाडी,
मागचे हॉर्न, तुझं रडं, माझं "सोड, सोड, हळू सोड!"
सहा महिने तू चालवलीस. त्याची ही फळं.

दस्तगीरचं गॅरेज येवलेवाडीत, फरशीच्या गोदामांमागे.
तो बॉनेटला हातही लावत नाही आधी.
"हँडब्रेक ओढा. तिसरा टाका. आता क्लच सोडा."
सोडला.
गाडी आचका देऊन बंद पडायला हवी होती.
ती घुरघुरत राहिली,
भांडणात नुसतं "बरं, बरं" म्हणणाऱ्या माणसासारखी.
"बंद पडली नाही ना," तो म्हणाला,
"म्हणजे गेली."

सोपान पोत्यावर आडवा होऊन खाली सरकला.
नुसते त्याचे पाय दिसत होते आणि पान्यांची मागणी.
चौदाचा. सतराचा. नाही, तो लांब दांड्याचा.
गिअरबॉक्स जॅकवर उतरला, काळा, ओशट,
आणि सुटलेली प्लेट दस्तगीरनं मला दिली
हातात, तबकडीसारखी.
रिबिटं वर आलेली. अस्तर कागदाएवढं.

एकतीस वर्षं मी विमा कंपनीत क्लेम तपासले.
पोचा बघून सांगायचो, चूक कुणाची.
म्हणून मीच बोललो आधी,
"मुलगी शिकली हिच्यावर."

दस्तगीरनं मान हलवली. बेअरिंग बोटावर फिरवलं.
ते किर्र वाजलं.
"शिकणारं पोर जाळतं, साहेब, एकदम जाळतं.
निळे डाग पडतात, तडे जातात.
ही सावकाश झिजलीय. सगळीकडून सारखी.
आणि ह्या पाकळ्या बघा, टोकं कशी घासलीत.
कुणीतरी पाय ठेवून चालवतंय.
दाबत नाही. नुसता ठेवतो."

मी पेडलकडे बघितलं.
क्लचचं रबर गुळगुळीत, नक्षी पुसलेली,
डाव्या कडेला माझ्या चपलेच्या टाचेची खाच.

नंबर तळहातावर लिहून मला नाना पेठेत पाठवलं.
दुकानदारानं तळहात वाचला, विचारलं,
"नुसती प्लेट, की पूर्ण सेट?"
सवयीनं घासाघीस सुचायला हवी होती.
"पूर्ण," म्हणालो.

संध्याकाळी दस्तगीरनं जुना शाफ्ट मधोमध घालून
नवी प्लेट सरळ केली, बोल्ट समोरासमोरचे आवळले,
थोडा हा, थोडा तो,
एकच पूर्ण आवळला तर दुसरी बाजू उचलते म्हणाला.
फ्लायव्हील लेथवरून घासून आणलं होतं.
त्यात माझं तोंड दिसलं, लांबट.

परत येताना कोंढव्याच्या गर्दीत दोनदा गाडी बंद पाडली.
नवा क्लच फार लवकर धरतो.
माझ्या पायाला ते माहीत नव्हतं,
सोडायचं म्हणजे पूर्ण सोडायचं.

आता डावा पाय बाजूला, चटईवर असतो.
त्याला काम नाही, आणि ते त्याला पटत नाही.
लुल्लानगरच्या सिग्नलला हळूच वर येतो,
मी बघतो, तो परत जातो.

रविवारी शाल्मली आली. किल्ली तिच्याकडे फेकली.
"आवाज गेला की रे," ती म्हणाली. "काय झालं होतं?"
"जुनी होती," मी म्हणालो.
तिनं आरशातून बघितलं,
क्लच दाबला, पहिला टाकला,
आणि पाय काढून घेतला.