तिसऱ्या

पहाटे साडेपाचला रायबंदरच्या धक्क्यावर
मी चोडणच्या फेरीची वाट बघत उभी असते.
गळ्यातला काळा बो खिशात,
बोटांना दुसऱ्यांच्या पैशांचा वास.
रात्रभर मांडवीच्या पाण्यावर पत्ते वाटते मी.
गोंयकारांना तिथं खेळायला बंदी आहे,
खेळवायला नाही.

काल चार नंबरच्या टेबलावर एक माणूस जिंकला.
बायकोला फोन लावला, आवाज चढला,
मग फोन ठेवून पुन्हा बसला.
हरलेला कधीतरी उठतो, पैसे संपतात म्हणून.
जिंकलेल्याला उठायला
कुणी शिकवलेलंच नसतं.
घड्याळ नाही, खिडकी नाही,
खाली नदी आहे हे गालिच्याला माहीत नाही.

गे बाई,
नाव नसलेल्या कुठल्याशा नदीच्या काठावर
पोर पाठीशी बांधून वाकलेली तू,
तुझंच डोकं माझ्या मानेवर आहे.
एका ढोलीत एकदा मध सापडला
म्हणून हजार ढोल्यांत हात घालणारं.
तुझी एक बहीण असणार,
पोट भरलं की उन्हात पडून हसणारी.
तिला वाघानं नेलं.
आम्ही तिचे कुणी नाही. आम्ही तुझे,
झोपेतही एक कान उघडा ठेवणारीचे.

स्कूटर घेतली तेव्हा अकरा दिवस रोज पुसली.
बाराव्या दिवशी ती नुसती स्कूटर झाली,
आणि समोरच्या विराजनं मोटार आणली.
पगार वाढला त्या पहाटेचा आनंद तर
पलीकडचा धक्का लागेपर्यंतही पुरला नाही.
केवढं ते पाणी, पाच मिनिटांचं.

आज ओहोटी होती.
चोडणला उतरले तर चिखलात पिएदाद,
कमरेला टोपली, नजर भलतीकडेच,
पायांनी शोधत होती.
तिसऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत, टाचेला दिसतात.
"यो, देंव सकयल," म्हणाली.
युनिफॉर्मची पँट गुडघ्यावर दुमडून,
जेवणाचा रिकामा डबा हातात घेऊन मी उतरले.

अंगठ्याला काहीतरी कडक लागलं
आणि छातीत टिचकी वाजली.
ही टिचकी मी ओळखते.
हीच चार नंबरच्या टेबलावर वाजते,
फोनवर लाल ठिपका उगवतो तेव्हा वाजते.
चिखल काही पवित्र नव्हता, बाई.
एक मिळाली. मग बराच वेळ काही नाही.
मग एकदम तीन.
अजून एक, म्हटलं, अजून एकच,
तोवर पाणी पोटऱ्यांना लागलं होतं
आणि पिएदाद केव्हाच दगडावर जाऊन बसली होती.
"उदक चडलां," म्हणाली,
दुकानाची फळी लावताना म्हणावं तसं.
तिला स्वतःला आवरावं लागत नाही.
तिच्या वतीनं नदीच उठते टेबलावरून.

दगडावर टोपली ठेवली, शेजारी माझा डबा.
तिच्याकडे जास्त होत्या. असणारच.
तरी मी पाहिलं.
मी पाहिलेलं तिनं पाहिलं,
काही न बोलता एक ओंजळ डब्यात ओतली,
आणि मी, तुझी लेक,
ओंजळीतल्या मोजल्या.

चौदा.

दुपारी सुकं केलं, खोबरं जरा जास्तच पडलं.
दोन काही केल्या उघडल्या नाहीत.
त्या बाजूला ठेवल्या आणि गाढ झोपले,
दोन्ही कान बंद.
रात्री टेबलावर हात पालथे करून दाखवले
तर नखात चिखल.
धुऊन ये, सुपरवायझर म्हणाला.
हो म्हटलं आणि जागची हलले नाही,
खिडकी नव्हती, तरी कळत होतं,
खाली आता भरती असणार.