पहिल्या दिवसाचं काम

पास्कू मेस्तांनी हातोडीच्या दांड्यानं भिंत वाजवली,
शहाळं वाजवून बघावं तशी.
"भिंतीक काय एक झाला नाय," म्हणाले,
"चिरो घट आसा. वर बघा, वासो आतून गेलो."
बोट खुपसलं त्यांनी वाशात
आणि भुसा पडला माझ्या चहात.

मग वहीच्या पानावर मधोमध रेघ.
डावीकडे दुरुस्ती: साडेआठ लाख.
उजवीकडे नवीन: एकोणीस, फर्निचर सोडून.
तेहेतीस वर्षं मी एसटीत तिकिटं फाडली,
सुट्ट्या पैशांसकट हिशेब जुळवूनच
रोज रात्री डेपोतून बाहेर पडलो.
हे पान जुळेना.

कुंदाचं मत गुडघ्यांचं.
स्वयंपाकघरात उतरायला दोन पायऱ्या,
मोरी पडवीच्या टोकाला,
संडास माडांच्या पलीकडे,
पावसात बॅटरी, छत्री आणि फुरशाची भीती.
"तुम्ही हे घर ओट्यावर बसून बघता," ती म्हणाली,
"मी चुलीकडून बघते."
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

ग्रामसेवकाचं तिसरंच.
उभं आहे ते दुरुस्त करा, कोण विचारत नाही.
पाडलंत की मोजणी येणार,
टेप लागणार भरतीच्या रेषेपासून.
मी शाळेत होतो तेव्हा समुद्र सुरूच्या बनापलीकडे होता.
आता ओहोटीला बनाचे बुंधे दिसतात.
कागदावर रेषा जुन्याच जागी आहे,
समुद्राला अजून कोणी नोटीस दिलेली नाही.

रेश्मा पनवेलहून फोनवर:
बाबा, स्लॅब घाला, वर दोन खोल्या काढा, पर्यटक येतील.
जावयांनी नावसुद्धा सुचवलं.
त्यात 'व्ह्यू' होता.

शेवटी देवळात जाऊन कौल लावला.
गुरवानं पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं,
आम्ही हात जोडून उभे. घंटाभर काही नाही.
मग पडली एक.
"उजवो दिल्यान," गुरव म्हणाला.
परतताना व्हाळाच्या साकवावर कुंदानं विचारलं,
उजवीला काय धरलं होतंत?
दुरुस्ती, मी म्हटलं.
ती थांबलीच. "मी नवीन धरलं होतं."
परत जाऊन विचारायची लाज वाटली,
आणि देवीला तरी काय विचारायचं,
तिचं देऊळ गावानं परवाच पाडून आरसीसीत बांधलं.
तेव्हा कौल घेतला होता की नाही,
कोणालाच नक्की आठवत नाही.

मे अर्धा सरला.
पास्कू म्हणाले, "कायय ठरवा,
कौलां तर उतरवूकच व्हयी."
म्हणजे पहिल्या दिवसाचं काम दोन्हींत एकच.
एवढं तरी ठरलं म्हणून मला केवढं बरं वाटलं.

सहा माणसांची रांग, हातोहात मंगळुरी कौलं.
सोळाशे चाळीस उतरली,
त्यातली शाबूत अकराशे बारा.
मी मोजली. सवय.
माडाच्या बुंध्याशी थप्पी लावली,
वर झावळं टाकली.

दुपारी बाराला माजघरात ऊन पडलं.
तिथं ते कधी आलंच नव्हतं.
पेटारा हलवला तर मागची भिंत निळी,
चुन्यात नीळ कालवलेली, तळहाताएवढे पोपडे सुटलेले.
हा निळा कोणाच्या लग्नातला?
आमच्या नव्हे. आत्याच्या असेल,
किंवा आत्याचं मोडलं, त्याआधीचा.

कुंदा आत येऊन उभी राहिली,
पदर डोक्यावर, घरातल्या घरात ऊन लागतं म्हणून.
सकाळपासून कपच्यांमुळे सगळे चपला घालून वावरत होतो.
तिनं आपल्या काढल्या.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग: "मेस्तांनू, पायऱ्या भरून सपाट होतील?
आणि मोरी आत घेता येईल? बसायचा संडास,
इथंच, या निळ्याच्या पाठीमागे?"

पास्कूंनी कानावरची पेन्सिल काढली,
वही गुडघ्यावर घेतली,
डावीकडे खाली लिहू लागले, बारीक, अजून बारीक.
जागा संपली
तसे रेघ ओलांडून
उजवीकडे लिहीत गेले.