रांगेत सात प्रती

मार्केट यार्डातून फोन आला,
"प्रिंट निघंना झालीय ओ, सगळ्यांचीच."
मिरजेहून निघालो. पिशवीत ब्रश, स्क्रू-ड्रायव्हर,
नेटवर्कची जुनी वायर
आणि दोन फडकी : एक माझं, एक यंत्राचं.

पतसंस्था पहिल्या मजल्यावर.
जिन्यात पुराची रेघ, तिच्याशेजारी खडूनं लिहिलेलं साल.
पुरानंतर यंत्र तेवढं वर चढवलं,
कॅशियर अजून खालीच बसतो.

अकरा टेबलं, एक प्रिंटर.
पूर्वी तीन होते. मगदूम साहेबांनी ठराव आणला,
खर्च कमी करा, सामायिक करा.
सामायिक हा शब्द आम्ही सातबाऱ्यावर वाचलेला :
सामायिक विहीर, सामायिक बांध,
आणि तारखेला एकाच एसटीनं येऊन
वेगवेगळ्या बाकांवर बसणारे चुलतभाऊ.

झाकण उघडलं तर रोलरवर हळद.
खाली वखारीत पॉलिशचा ड्रम फिरतो,
वर टोनरचा.
दोघांमध्ये एक खिडकी, तिला काच नाही.
म्हणून इथल्या प्रत्येक पानाला पिवळी कड,
थकबाकीच्या नोटिशीलाही,
जणू काही लग्नाचं आवतण.

हळद पुसली. मग पत्ता.
लाइट जाऊन आली की राउटर
सगळ्यांना नवे पत्ते वाटतो,
यंत्र एका दारात, कागद दुसरंच दार ठोठावतात.
मी त्याला कायमचा आकडा दिला, शेवटी पन्नास.
यादीतली 'कॉपी १', 'कॉपी २', 'कॉपी ३' ही भुतं काढली.
नाव ठेवलं : वरचा.
तम्मान्ना शिपाई म्हणाला, "देवासारखं वाटतंय की ओ."

मग रांग उघडली.
सगळ्यात पुढं, गुरुवारपासून अडकलेली,
एकच फाइल सात वेळा.
निघत नाही म्हणून परत दाबलं असणार,
परत, परत,
जशी आपण बंद दाराची कडी वाजवतो.
वापरणारा : आर. शिकलगार, वसुली.
नाव : राजीनामा अंतिम २.

तिच्यामागं चाळीस कागद खोळंबलेले,
पावत्या, पासबुकाची पानं, कुणाचं तरी शाळेचं हस्तलिखित.
माझं बोट 'चालू करा'वर.
ट्रे मगदूम साहेबांच्या कोपराशी.

मान वर केली.
रेहाना खिडकीजवळ, कीबोर्डच्या फटीतली हळद
टाचणीनं काढत होती.
काढलेली कागदावर जमवत होती,
चिमूटभर झाली होती.

मोठ्यानं विचारलं,
"कुणाचं महत्त्वाचं काही अडकलंय का?"
दहा जणांनी हात वर केले.

सातही पुसल्या.
कुणाच्या कागदाला हात लावायचा नाही
हे मी या धंद्यात पहिल्या दिवशी शिकलो होतो,
तरी पुसल्या.
मागचे चाळीस धडधडत निघाले,
साहेब म्हणाले, "आता कसं!"

जाताना सगळ्यांना एक गोष्ट शिकवून आलो.
खासगी कागद असेल तर चार आकडे टाका, मनातले,
कुणाला सांगू नका.
कागद आत थांबतो.
तुम्ही स्वतः जाऊन उभं राहून आकडे दाबेपर्यंत
बाहेर येत नाही.
"आणि नाहीच आलं कुणी?" तम्मान्नानं विचारलं.
बहात्तर तास वाट बघतो, मग आपोआप विसरतो.
"माणसापेक्षा बरा," तो म्हणाला,
आणि चहाला गेला.

रेहानानं काही विचारलं नाही.
वहीच्या मागच्या पानावर
एकेक आकड्यासाठी चार चौकटी काढल्या,
रिकाम्या.

माझं बिल त्याच यंत्रावर काढलं.
साडेसहाशे रुपये.
डावीकडे बारीक पिवळी रेघ राहिलीच होती.
साहेबांनी सही केली, म्हणाले, "पूर्ण गेली नाही वाटतं."
म्हटलं, ती जात नाही, साहेब.
खिडकीला काच बसवा.