मसुद्याचं मराठी

सेक्रेटरीसाहेबांनी सात पानं दिली,
गोल्फच्या नियमांत सुचवलेले बदल.
सोप्या मराठीत टाइप करा म्हणाले, सोमवारपर्यंत,
कॅडींच्या शेडमध्ये लावायचंय.
कूलर वाळ्याचा वास फेकत होता,
बाहेर सेहेचाळीस,
कामठी रोडचं डांबर चपलेला धरून ठेवत होतं.

पहिल्याच कलमाला अडले.
चेंडू यापुढे खांद्याच्या उंचीवरून नाही,
गुडघ्याच्या उंचीवरून...
सोडायचा? टाकायचा? की पडू द्यायचा?
शब्दकोशात तिन्ही होते.
मैदानात कोणता चालतो ते विचारायला
डोमाजी गजभियेंना बोलावलं.

एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅगा वाहून
त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा दोन बोटं खाली.
"माह्या खांद्यावरून सोडला," ते म्हणाले,
"त तुमच्या नव्या नियमात अर्धा बसूनच रायला होता, बाई."
मी लिहिलं, 'सोडावा'.

हरवलेला चेंडू शोधायला
पाच मिनिटांऐवजी तीन.
डोमाजींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
जसं एखाद्या नव्या जावयाकडे पाहावं.
"पहिल्या मिनिटात साहेब शोधते.
दुसऱ्यात चिडते.
तिसऱ्यात माह्याकडं पाहाते.
चेंडू चौथ्यात सापडते."
मला दुरुस्तीचा अधिकार नव्हता.
तीन लिहिलं.

हिरवळीवर चुकून चेंडू हलला, दंड नाही.
एका फटक्यात दोनदा लागला, दंड नाही.
"दंड नाही, दंड नाही," ते हसले,
"सारा गावच माफीचा साक्षीदार करून टाकला काय बाप्पा!"

मग झेंडीचं कलम.
झेंडी भोकातच राहिली तरी चालेल,
काढून धरायची गरज नाही.
या वेळी ते बराच वेळ बोलले नाहीत.
कूलरचं पाणी संपत आल्याचा आवाज आला.
"मी धा वर्साचा होतो, झेंडीच धरत होतो.
चार आणे मिळे.
पैलं काय शिकवलं मालूम आहे?
आपली सावली साहेबाच्या रेषेवर पडू द्यायची नाही.
सूर्य फिरला का आपण फिरायचं."
खिडकीबाहेर पाहत, हळू:
"माह्या आज्यालेबी कोणी हेच शिकवलं होतं.
पण तो खेळ नोता."

टाइपरायटर असता तर निदान त्याचा आवाज झाला असता.
कॉम्प्युटरवर नुसती रेघ लुकलुकत राहते.

सातवं पान संपलं.
"टिटवीचं कुठं आहे?" त्यांनी विचारलं.
टिटवीचं?
"सातव्या भोकाच्या उतारावर अंडी घालते ना, दर मे मयन्यात.
मी चार गोटे ठेवतो भोवती.
साहेबायले सांगतो,
चेंडू एक काठीभर दूर घ्या, दंड नाही, नियमच आहे.
कर्नल घेते, डॉक्टर घेते,
ते संत्र्याचे व्यापारी भुतडा शेटबी घेते."
मी सातही पानं पुन्हा उलटली.
पाण्याचा अडथळा होता, वाळूचा होता,
मुंग्यांचं वारूळ, बिळं, गळालेली पानं.
टिटवी कुठंच नव्हती.
"म्हणजे इतके साल मी खोटं बोललो?"
ते खरंच विचारत होते.

ते गेल्यावर मी शेवटचं कलम टाइप केलं.
इंग्रजीत तेहतीस होती.
मराठीत चौतीस झाली.

साहेबांनी इंग्रजीवर दोन ठिकाणी स्वल्पविराम घातला,
मराठीवर सही केली.

सोमवारी डोमाजींनीच कागद लावला,
दोन्ही हातांनी, खांद्याच्या उंचीवर धरून.
पोरं वाचायला गोळा झाली.
चिकट्या वाळेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही,
कागद उजवीकडं
दोन बोटं उतरलेला.