दोनशे छप्पन्न अक्षरं

बशीरने मूळ खेळातली युद्धनौका उचलून बाजूला ठेवली,
तिच्या जागी आणली मालाची आगबोट,
काळी, गंजकी, एकोणीसशे बेचाळीसची.
तोफ एकच, कोळसा मात्र ढीगभर.
म्हणाला, गोळीबार सगळेच करतात,
आपण भट्टीपुढची माणसं करू.

तो हर्णैच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करतो,
मी बर्फाच्या कारखान्यात लाद्यांचा हिशोब ठेवते.
लिलाव उठला, शेवटचा टेम्पो दापोलीकडे लागला
की त्याच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून
आमचं महायुद्ध सुरू.

एकतीस खलाशी हवे होते.
प्रत्येकाला नाव, नावाखाली एक चौकट: पूर्वकथा.
चौकटीत मावतात दोनशे छप्पन्न अक्षरं.
पण यंत्राला आपली लिपी आपल्यासारखी वाचता येत नाही.
काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी,
अनुस्वाराच्या टिंबाचेही पैसे लावतं.

मग मी माणसं छाटायला शिकले.
टिंडेल रघू पावसे होता आंजर्ल्याचा,
त्याला केळशीचा केला, चार अक्षरं वाचली.
भंडाऱ्याची हिराबाई नुसती हिरा झाली.
सारंगाचा दमाच काढून टाकला.
(बरा झाला बिचारा. इतकं सोपं औषध
कुठल्या डॉक्टरकडे नसेल.)
एका आगवाल्याकडे शेवटी एवढंच उरलं:
बहिणीच्या लग्नाचं कर्ज. पोहता येत नाही.

चौथ्या मोहिमेत टॉर्पेडो लागतो.
लागतोच. खेळणारा कितीही तरबेज असू दे.
बशीरने ते पाणी तीन आठवडे रंगवलं होतं,
आणि नेमकी तिथेच चूक राहिली:
बोट बुडते, चौकटी बुडत नाहीत.
रिकाम्या समुद्रावरून बाण फिरवला
की लाटेवर उमटतं, रघू पावसे, केळशी,
जरा डावीकडे, हिराचा नवरा,
आणि तो, पोहता न येणारा.

करतो दुरुस्त, बशीर म्हणाला.
उद्या कर, मी म्हटलं.
असे बरेच उद्या गेले.

कासमकाका होडेकर फोनची काच बदलायला आले.
ब्याऐंशी संपलेली, तीस वर्षं सुखाणी म्हणून काढलेली.
पडद्याकडे बघून आधी भांडले:
चाक असं धरतात होय? हा काय टेम्पो आहे?
मग स्टुलावर बसले, माऊस मागितला.
बोट बुडू दिली.
आणि नंतर कितीतरी वेळ पाण्यावरून बाण नेत राहिले,
हळूहळू, फाटलेलं जाळं
बोटांनी चाचपत जावं तसे.
एकतीसच्या एकतीस वाचले. ओठ हलत होते.

मग म्हणाले, अजून एक बसेल?
बशीर म्हणाला, बसेल की.
उमर दाऊद होडेकर. आगवाला.
मी पोटात होतो तेव्हा गेला.

मी कीबोर्ड ओढला. मनात वाक्य तयारच होतं,
पेटीत तान्ह्या पोराचं झबलं, असं काहीतरी,
अक्षरंसुद्धा मोजून झाली होती.

त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.
पुढे काय लिहू नको, पोरी.
माझ्या आईला ठाऊक नव्हतं, मला ठाऊक नाही,
तुला कुठून ठाऊक?

चौकट रिकामी ठेवली तर खेळ उघडेना.
लाल अक्षरांत म्हणे, किमान एक चिन्ह आवश्यक.
बशीर माझ्याकडे बघत राहिला.
मी फक्त स्पेसबार दाबला,
एकदा.

आता तिथून बाण नेला की
नाव उमटतं,
आणि त्याखाली पांढरी चौकट,
दोनशे पंचावन्न अक्षरं शिल्लक.

काचेचे साडेचारशे झाले होते.
बशीर घेत नव्हता, काका ठेवून गेले.